सोडून दिलेलं पहिलं वर्ष

दीड मिलिमीटर हा आकडा मला बरीच वर्षं छळतो आहे. जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, बसवला आणि त्यावर दात चढवला, की पहिल्या वर्षात त्याच्या भोवतीचं हाड साधारण तेवढं खाली उतरतं आणि मग जवळजवळ थांबतं. १९८१मध्ये आडेल, ब्रोनेमार्क आणि सहकाऱ्यांनी १५ वर्षांतल्या रुग्णांचे एक्स-रे मोजून हे छापलं: हाड भरून येण्याचा काळ आणि पहिलं वर्ष मिळून १.५ मिलिमीटर, पुढे वर्षाला ०.१. १९८६मध्ये आल्ब्रेक्टसन आणि मंडळींनी यशाच्या कसोट्या ठरवल्या, तेव्हा पहिलं वर्ष हिशेबात धरलंच नाही. त्यापुढे वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी झीज झाली तर इम्प्लांट पास. मला उत्सुकता होती त्या सोडून दिलेल्या वर्षाची. हाड नेमकं तेव्हाच का जातं?

संशयित बरेच होते. ड्रिलची उष्णता, चावण्याचा ताण, आणि इम्प्लांट व ॲबटमेंट (इम्प्लांटवर कसला जाणारा, दात पेलणारा जोडतुकडा) यांच्या सांध्यातली फट. या फटीवर अमेरिकेत हरमन, कॉक्रन आदींनी फॉक्सहाउंड कुत्र्यांवर काम केलं, ते २००१मध्ये प्रसिद्ध झालं. काही सांधे त्यांनी लेझरने वेल्ड केले, काही नुसते स्क्रूवर ठेवले. फट १० मायक्रॉनहून कमी असो की १००, हाडाला फारसा फरक पडेना. फरक पडत होता तो सांधा हलू शकतो की नाही याने.

मला मात्र सगळ्यात मोलाचा वाटतो तो १९९७चा एक निबंध. अब्राहमसन, बर्गलुंड आणि लिंडे यांचा, स्वीडनमधल्या गोथेनबर्गहून आलेला. पाच बीगल कुत्री. खालच्या जबड्यातल्या उपदाढा काढून दोन्ही बाजूंना इम्प्लांट बसवले, तीन महिन्यांनी त्यांवर ॲबटमेंट जोडलं. पुढचे सहा महिने दोन्हीकडची सफाई चोख. एका बाजूचं ॲबटमेंट मात्र महिन्यातून एकदा काढायचं, अल्कोहोलने साफ करायचं आणि परत कसायचं. असं पाच वेळा. दुसऱ्या बाजूला हात लावायचा नाही. शेवटी पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तेव्हा काढ-घाल झालेल्या बाजूला हिरडीची जोडणी खाली सरकलेली दिसली, आणि हाडही जास्त गेलेलं.

खऱ्या दाताच्या मुळात कोलेजनचे तंतू आडवे रुतलेले असतात. गुळगुळीत ॲबटमेंटमध्ये ते रुतत नाहीत, त्याला समांतर धावतात. वर साधारण दोन मिलिमीटर एपिथेलियमची नाजूक चिकट पकड, खाली एक-दीड मिलिमीटर संयोजी ऊती. तोंडातली घाण आणि हाड यांच्या मध्ये एवढाच काय तो बंदोबस्त. स्क्रू उलटा फिरवला की तो फाटतो. ॲबटमेंट निघाल्यावर हिरडीच्या भोकाच्या कडेला रक्ताचे ठिपके दिसतात, ते या फाटण्याचेच. जखम भरते, पण या पट्ट्याला आपली उंची हवीच असते. वर जागा उरली नसेल तर तो खाली उतरतो आणि हाडाला मागे हटावं लागतं.

अल्कोहोलचा वाटा त्यात किती, हे त्या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही. मला तो त्यातला कच्चा दुवा वाटतो. पण २००३मध्ये त्याच गटाने कुत्र्यांतच ॲबटमेंट एकदाच बदलून पाहिलं, तेव्हा हाडाचं काही बिघडलं नाही. म्हणजे एकदा खपतं. आपल्या क्लिनिकांत एकदाच कुठे होतं? हीलिंग कॅप (हिरडी भरेपर्यंत इम्प्लांटवर बसवलेली टोपी) काढून माप, मग मेटल ट्रायल, बिस्क ट्रायल, रंग जुळला नाही म्हणून लॅबला परत, आणि मग पक्का दात. दर वेळी कॅप निघते आणि परत बसते.

आता भांडणाकडे येऊ. गोथेनबर्ग या एकाच शहरात दोन घराणी नांदतात. लिंडे-बर्गलुंड घराण्याच्या मते हाड खातो तो जंतूंच्या थरामुळे होणारा दाह. आल्ब्रेक्टसन म्हणतात, टायटॅनियम शरीराच्या लेखी परकंच. हाडाने त्याला कोंडून ठेवलेलं असतं. हा तोल ढळला की हाड जातं, जंतू बहुधा मागाहून येतात. गंमत अशी की जंतूवाल्या घराण्याच्याच प्रयोगात, तोंडं स्वच्छ राखलेल्या कुत्र्यांत, निव्वळ हाताळणीने हाड गेलं! त्यांचं स्पष्टीकरण असं की हा रोग नव्हे, ही ऊतींची पुनर्रचना. २०१७च्या शिकागो परिषदेतून निघालेल्या वर्गीकरणातही पेरिइम्प्लांटायटिसचं, म्हणजे इम्प्लांटभोवती हाड खाणाऱ्या दाहाचं, निदान करताना ही सुरुवातीची झीज वगळायची आहे. शास्त्र म्हणून ते बरोबरच. व्यवहारात मात्र डॉक्टरांच्या हातून गेलेलं हाड वही उघडण्याआधीच खर्ची पडतं, आणि पुढे काही बिघडलं की दोष रुग्णाच्या ब्रशला. हे मला पटत नाही.

इटलीत देगिदी, कानुल्लो यांनी दुसरं टोक गाठलं: कायमचं ॲबटमेंट शस्त्रक्रियेच्या दिवशीच कसायचं आणि पुन्हा काढायचंच नाही. नंतरच्या मेटा-विश्लेषणांत फायदा दिसला, पण मिलिमीटरच्या काही दशांशांचाच. तेवढ्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं म्हणणाऱ्यांनी ०.२ची ती कसोटी आठवावी.

खरी अडचण वेगळी आहे. ॲबटमेंटची उंची त्याच दिवशी, हिरडी अजून स्थिरावलेली नसताना, ठरवावी लागते. ग्रॅनाडाच्या गालिंदो-मोरेनो यांच्या २०१४च्या अभ्यासात दोन मिलिमीटरपेक्षा बुटक्या ॲबटमेंटभोवती हाड जास्त गेलं, म्हणून उंच घ्यावं, तर पुढच्या दातात हिरडी नंतर उतरल्यावर हसताना धातूची कड दिसते. तेव्हा मागच्या दाढेला इटालियन मार्ग, आणि पुढच्या दाताला हिरडी बसेपर्यंत तात्पुरतं ॲबटमेंट, मग एकदाच बदल. २००३च्या त्या कुत्र्यांनी तेवढी मुभा दिलेली आहे.