प्रथम वर्ष : विषयनिवडीचा विचार

मराठी हा मुख्य विषय आपण निश्चित केला आहे. तरीही प्रवेश अर्ज भरताना खुले ऐच्छिक, मूल्यशिक्षण, क्षमतावर्धन, भारतीय ज्ञान प्रणाली अशी अनेक शीर्षके समोर येतात आणि साहित्य शिकायला आलेल्याला हे सारे कशासाठी, असा प्रश्न पडतो. या प्रश्नाचा विचार येथे करू.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार महाराष्ट्रात पदवीची जी रचना आली, तिच्यात प्रथम वर्षाला सामान्यतः 40 ते 44 श्रेयांक असतात. मुख्य विषयाचा त्यात केवळ एक हिस्सा असतो. इतर विषयांपैकी काहींत निवडीला वाव नाही. पर्यावरण शिक्षण हे त्याचे ठळक उदाहरण. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये दिलेल्या निर्देशांपासून ते अभ्यासक्रमांत आले आहे. त्याविषयी कुरकुर करण्यात वेळ घालवू नये.

खरी निवड खुल्या ऐच्छिक विषयाची. तो मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरून घ्यावा लागतो. येथेच अनेकांची चूक होते. अभ्यासकेंद्रावर शेजारी बसलेल्याने जो घेतला, तोच आपणही घेतो. किंवा 'सोपा' म्हणून ऐकलेला विषय निवडतो. पंधरा वर्षांनी पुस्तक हाती धरणाऱ्या व्यक्तीला नापास होण्याची भीती वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, ज्यात रस नाही असा सोपा विषय रात्री दहा वाजता, घरकाम आटोपल्यावर, फार जड होतो.

एक उदाहरण घेऊ. पतसंस्थेत काम करणाऱ्या विद्यार्थिनीने वाणिज्य शाखेतील हिशेबाचा प्राथमिक विषय घेतला, तर तिचा रोजचा अनुभव अभ्यासाला उपयोगी पडेल. शिवाय महात्मा फुले यांचा 1883 मधील 'शेतकऱ्याचा असूड' वाचताना कर, कर्ज आणि व्याज यांचा शेतकऱ्यावर पडणारा भार तिला आकड्यांतूनही उमगेल. मुख्य विषयाला असा अनपेक्षित आधार देणारा विषय शोधावा, असे आमचे मत आहे.

आता वेळेचा हिशेब. दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे 30 तासांचा अभ्यास; त्यात वाचन, स्वाध्याय, संपर्कसत्रे सारे आले. सत्राला 22 श्रेयांक असतील, तर 660 तास होतात. सहा महिन्यांत, म्हणजे 26 आठवड्यांत, ते विभागल्यास आठवड्याला सुमारे 25 तास पडतात. नोकरी वा शेती सांभाळणाऱ्यासाठी ही संख्या लहान नाही. म्हणून दोन अपरिचित विषय एकाच सत्रात घेणे शक्यतो टाळावे. सुगीच्या किंवा मुलांच्या परीक्षांच्या महिन्यांत येणाऱ्या सत्रात तर परिचयाचाच विषय ठेवावा.

मध्येच खंड पडला तर? मिळवलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक पेढीत जमा राहतात आणि साधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येतात. प्रथम वर्षानंतर थांबावे लागल्यास 4 श्रेयांकांचा जादा कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र घेण्याचीही तरतूद आहे. मात्र पेढीतील आपले खाते उघडले आहे ना, याची खातरजमा प्रवेशाच्या वेळीच करावी.

अर्जावर विषयाचे नाव लिहिण्यापूर्वी अभ्यासकेंद्रातून त्या विषयाची पुस्तिका मागून घ्या व पहिला घटक तेथेच बसून वाचा. दहाव्या पानापर्यंत पोहोचण्याआधीच पुस्तिका मिटावीशी वाटली, तर दुसरी मागा.