कॉलेजचे पहिले वर्ष : अभ्यासाची घडी अशी बसवा

मेहकर, लोणार, चिखलीच्या खेड्यांतून आपली मुले-मुली एसटीने कॉलेजला जातात. आता सत्र पद्धत आहे. शेवटच्या महिन्यात घोकंपट्टी करून भागत नाही. १८८५ मध्ये हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून दाखवले, की पाठ केलेले बरेचसे पहिल्याच दिवसात विसरते. म्हणून त्याच संध्याकाळी वही मिटून मुद्दे आठवून लिहावेत, मग ताडून पाहावेत. आठवड्याने पुन्हा तेच करावे. रविवारी विहारात चौघांनी बसून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात.

हजेरी ७५ टक्के हवीच. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तिच्यावर अवलंबून आहे. ती थांबली की अनेक घरांत शिक्षणच थांबते. बाबासाहेबांनी ‘शिका’ हा शब्द आधी ठेवला. आपण तो रोज पाळू. जय भीम!