गृहसंरक्षणासाठी शॉटगन

शॉटगन ही खांद्याला टेकवून चालवायची, आतून गुळगुळीत नळी असलेली लांब बंदूक आहे. तिच्या एका काडतुसातून सहसा अनेक छर्रे एकाच वेळी सुटतात. पक्ष्यांची शिकार आणि नेमबाजी यांसाठी विकसित झालेले हे शस्त्र अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घराच्या संरक्षणासाठीही मोठ्या प्रमाणावर बाळगले जाते. भारतात या वर्गातील सर्वांत प्रचलित बंदूक ‘बारा बोअर’ या नावाने ओळखली जाते.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिम भागात घोडागाड्यांतून रोकड नेणारे रक्षक आखूड नळीची दुनळी बंदूक जवळ ठेवत. जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावर आधारित विंचेस्टर १८९७ ही पंप-अ‍ॅक्शन शॉटगन अमेरिकी सैन्याने पहिल्या महायुद्धात खंदकांतील लढाईसाठी वापरली. १९१८ मध्ये जर्मनीने त्याविरुद्ध अधिकृत निषेध नोंदवला. पुढे १९५० मध्ये आलेली रेमिंग्टन ८७० आणि त्यानंतरची मॉसबर्ग ५०० या बंदुका पोलीस व नागरिक या दोहोंत लोकप्रिय झाल्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर या खटल्यात स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक बाळगण्याचा हक्क व्यक्तीचा हक्क म्हणून मान्य केला.

बोअर आणि यंत्रणा

नळीचा व्यास ‘बोअर’ किंवा ‘गेज’ या मापाने सांगतात. नळीत बरोबर बसेल अशा आकाराच्या शिशाच्या जितक्या गोळ्या एक पौंड भरतात, तितका त्या नळीचा बोअर. त्यामुळे आकडा जितका मोठा तितकी नळी लहान. १२ बोअरच्या नळीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर, तर २० बोअरचा सुमारे १५.६ मिलिमीटर असतो. २० बोअरच्या बंदुकीचा धक्का सहसा कमी असल्याने लहान चणीच्या व्यक्तीस ती अधिक सहज हाताळता येते.

दुनळी बंदुकीची रचना साधी असते, परंतु दोन बारांनंतर ती पुन्हा भरावी लागते. पंप-अ‍ॅक्शन प्रकारात नळीखालची मूठ मागे-पुढे सरकवून रिकामे काडतूस बाहेर टाकले जाते व नवे आत घेतले जाते. घाईत ही मूठ पूर्ण मागे न खेचल्यास बंदूक अडकते. अर्धस्वयंचलित प्रकारात हे काम वायूच्या दाबाने किंवा धक्क्याच्या जोरावर होते. मात्र अशी बंदूक महाग असते आणि काही बंदुका सौम्य काडतुसांवर नीट चालत नाहीत. अमेरिकेत १८ इंचांपेक्षा आखूड नळीच्या शॉटगनवर १९३४ पासून संघीय कायद्याने विशेष निर्बंध आहेत.

काडतुसांचे प्रकार

काडतुसे मुख्यतः तीन प्रकारची असतात : पक्ष्यांच्या शिकारीचे बारीक छर्रे, मोठ्या जनावरांसाठीचे जाड छर्रे आणि एकच भरीव गोळी. गृहसंरक्षणासाठी सामान्यतः जाड छर्र्यांची शिफारस केली जाते. ‘डबल झीरो’ या प्रकारातील छर्रा सुमारे ८.४ मिलिमीटर व्यासाचा असून १२ बोअरच्या नेहमीच्या काडतुसात असे आठ किंवा नऊ छर्रे असतात. बारीक छर्रे शरीरात खोलवर शिरत नाहीत, म्हणून हल्लेखोर थांबेलच असे नसते. उलट जाड छर्रे जिप्समच्या पातळ भिंती सहज भेदतात. अमेरिकेतील घरांच्या अंतर्गत भिंती बहुधा अशाच असल्याने शेजारच्या खोलीतील व्यक्तीला धोका संभवतो. घरातील माणसे कोठे झोपतात याचा विचार काडतूस निवडतानाच करावा लागतो.

प्रचलित गैरसमज

शॉटगनला नेम धरावा लागत नाही, ही समजूत चुकीची आहे. छर्र्यांचा फैलाव दर मीटर अंतरामागे ढोबळमानाने दोन ते तीन सेंटिमीटर वाढतो; म्हणजे पाच मीटरच्या खोलीत तो तळहाताच्या लांबीपेक्षा फारसा मोठा नसतो. पंपच्या आवाजानेच चोर पळून जातो, हाही असाच एक समज आहे. तसे घडेल याची खात्री नसते आणि आपली जागा मात्र उघड होते. बंद खोलीतील बाराचा आवाज १४० डेसिबलांहून अधिक असून त्याने श्रवणशक्तीला कायमची इजा होऊ शकते.

सुरक्षितता व धोके

प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे मानणे, नळी कोणाकडेही न रोखणे, नेम धरेपर्यंत बोट चापापासून दूर ठेवणे आणि लक्ष्य व त्यामागे काय आहे याची खात्री करणे, हे मूलभूत नियम होत. अंधारात आपल्याच घरातील व्यक्तीला चोर समजून गोळी घातल्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणून लक्ष्य ओळखण्यासाठी प्रकाश आवश्यक ठरतो. आवाज आल्यास घर धुंडाळण्याऐवजी कुटुंबीयांना एका खोलीत एकत्र आणावे, दार लावून घ्यावे व पोलिसांना कळवावे, असे प्रशिक्षक सुचवतात.

बंदूक कुलूपबंद पेटीत, मुलांच्या आवाक्याबाहेर ठेवणे आवश्यक असते. अमेरिकेत बंदुकीमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. १९९३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्थर केलरमन व सहकाऱ्यांच्या अभ्यासात, घरात बंदूक असणे हे घरात हत्या होण्याच्या वाढलेल्या जोखमीशी निगडित आढळले. या अभ्यासाच्या पद्धतीवर आक्षेपही घेतले गेले आहेत. घरात नैराश्यग्रस्त व्यक्ती किंवा लहान मूल असल्यास बंदूक ठेवावी की नाही, हाच प्रश्न आधी विचारात घ्यावा लागतो.

कायदेशीर स्थिती

अमेरिकेतील अनेक राज्यांत घरात घुसलेल्या हल्लेखोरापुढे माघार घेण्याचे बंधन घरमालकावर नसते. तपशील राज्यानुसार बदलतात. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात १९९९ मध्ये एका शेतकऱ्याने पळणाऱ्या घरफोड्यांवर शॉटगन झाडली व त्यात १६ वर्षांचा मुलगा ठार झाला. शेतकऱ्यास खुनाबद्दल शिक्षा झाली. २००१ मध्ये अपिलात ती सदोष मनुष्यवधापुरती कमी करण्यात आली.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना बंधनकारक आहे. संरक्षण किंवा क्रीडेसाठी किमान २० इंच लांबीची गुळगुळीत नळीची बंदूक आणि पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक यांचा या कायद्याच्या कलम १३ मध्ये स्वतंत्र उल्लेख आहे. परवाना जिल्हादंडाधिकारी, तर आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त देतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची सामान्य मर्यादा तीनवरून दोनवर आली. खाजगी बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये दिला आहे. रात्रीच्या घरफोडीत हा हक्क काही परिस्थितींत हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत विस्तारतो. परंतु बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्यास कायदा मुभा देत नाही.