वृत्तपत्रकाराची लेखनसूची

एखाद्या वृत्तपत्रकाराने लिहिलेल्या सर्व प्रकाशित व अप्रकाशित मजकुराची स्थळ, काळ आणि कर्तृत्वाचा पुरावा यांसह केलेली पद्धतशीर नोंद. ग्रंथकाराच्या सूचीत ग्रंथ हा घटक असतो. वृत्तपत्रकाराच्या सूचीत अग्रलेख, स्फुट, सदर, वार्तापत्र, परीक्षण, मृत्युलेख यांपैकी प्रत्येक मजकूर हा स्वतंत्र घटक मानावा लागतो. वृत्तपत्रकाराचे लेखन दररोजच्या निमित्ताने होते, बहुधा स्वाक्षरीविना छापले जाते आणि अल्पायुषी कागदावर उरते. त्यामुळे सूची झाली नाही, तर त्याच्या ग्रंथरूप संग्रहांत आलेला अल्प भाग तेवढा त्याच्या नावावर राहतो व उरलेले लेखन निनावी होते.

मराठीत शं. ग. दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीने १८०० ते १९३७ व १९३८ ते १९५० या काळांतील ग्रंथांची नोंद केली. १८०० ते १९५० मधील नियतकालिकांची सूचीही दाते व त्यांचे सहकारी यांनी सिद्ध केली. नियतकालिकांच्या अशा सूचीवरून कोणते पत्र कोठे व केव्हा निघाले हे कळते. त्यातील कोणता लेख कोणाचा, हे मात्र अंक प्रत्यक्ष चाळूनच ठरवावे लागते.

कर्तृत्वनिश्चिती : सूचीकाराची मुख्य अडचण ही आहे. केसरीचे संपादक म्हणून गो. ग. आगरकर यांनी १८८१ ते १८८७ या काळात काम केले. परंतु त्या काळातील निनावी लेखांत बाळ गंगाधर टिळक व इतर सहकाऱ्यांचाही वाटा होता. उलट १८८८ मध्ये निघालेल्या सुधारकात मराठी बाजू आगरकरांची व इंग्रजी बाजू प्रामुख्याने गो. कृ. गोखले यांची, अशी विभागणी होती. कायदेशीर जबाबदारी म्हणजे कर्तृत्व नव्हे, हेही ध्यानात ठेवणे आवश्यक असते. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात केसरीतील मजकुराबद्दल टिळकांना शिक्षा झाली. तथापि त्या लेखनात कृ. प्र. खाडिलकर यांचा हात होता, असे सांगितले जाते. न्यायालयाने संपादकाला उत्तरदायी धरले, एवढ्यावरून लेखकाचे नाव सिद्ध होत नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या मूकनायकाचे संपादक म्हणून पां. नं. भटकर यांचे नाव होते. पत्रामागील प्रेरणा व लेखणी मात्र डॉ. भी. रा. आंबेडकर यांची होती. संपादकाचे छापील नाव एवढाच आधार घेतला असता, तर ते लेखन आंबेडकरांच्या सूचीबाहेर राहिले असते.

यामुळे प्रत्येक नोंदीपुढे पुराव्याची प्रत सांगण्याची पद्धत हितावह ठरते. लेखकाची स्वाक्षरी, त्याच्या हस्ताक्षरातील मसुदा किंवा त्याने स्वतः संग्रहात केलेला समावेश हा पहिल्या प्रतीचा पुरावा होय. पत्रव्यवहारातील उल्लेख, मानधनाच्या वह्या व समकालीन सहकाऱ्यांची लेखी साक्ष हा दुसऱ्या प्रतीचा. केवळ शैलीवरून केलेले अनुमान सर्वांत दुबळे. एकाच कार्यालयात बसून लिहिणाऱ्यांची भाषा परस्परांसारखी होत जाते. असे लेख सूचीतून वगळू नयेत, पण ‘संभाव्य’ या वेगळ्या विभागात ठेवावेत. पूर्ण सूची म्हणजे निःशंक सूची नव्हे. शंका कोठे आहे हे सांगणारी सूची होय.

नोंदीचे स्वरूप : नोंदीत मथळा, टोपणनाव असल्यास ते, पत्राचे नाव, प्रकाशनस्थळ, दिनांक, पृष्ठ व स्तंभ, लेखनप्रकार, पुराव्याची प्रत आणि पाहिलेली प्रत कोठे आहे, एवढे तपशील असावेत. प्रत्यक्ष पाहिलेला अंक व दुसऱ्याच्या उल्लेखावरून घेतलेला अंक यांना निरनिराळ्या खुणा कराव्यात. शहर आवृत्ती व डाक आवृत्ती यांतील मजकूर सारखाच असतो असे नाही. लेख पुढे संग्रहात आला असल्यास मूळ नोंदीखालीच तो उल्लेख करावा आणि पाठात बदल झाला असल्यास तसे नमूद करावे. रचना कालानुक्रमाने करून विषय, व्यक्ती व टोपणनावे यांच्या पूरक सूची जोडणे सोयीचे असते.

परभणी जिल्ह्यातील परिस्थिती : पत्र एका ठिकाणी छापलेले व त्याचे लेखक आणि वाचक दुसऱ्या ठिकाणी, अशा प्रदेशात या कामाची कठीण बाजू विशेष स्पष्ट होते. परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० पासून महाराष्ट्रात आहे. १ मे १९९९ रोजी त्यातून हिंगोली हा वेगळा जिल्हा झाला. सबब जुन्या अंकांतील ‘परभणी जिल्हा’ आजच्या सीमांशी जुळत नाही. वसमत किंवा कळमनुरीहून आलेले १९९९ पूर्वीचे वार्तापत्र जुन्या परभणी जिल्ह्यातीलच समजावे लागते.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८६७ च्या कायद्यान्वये छापील पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या होत. तो कायदा संस्थानाला लागू नव्हता. संस्थानात मराठी पत्रांवर कडक नियंत्रण असल्याने काही पत्रे संस्थानाबाहेरून निघत. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये पुण्याहून मराठवाडा हे साप्ताहिक सुरू केले. निजाम सरकारने त्यावर बंदी घातल्यावर ते निरनिराळ्या नावांनी काढण्यात येई. अशा वेळी एकाच लेखमालेचे भाग वेगवेगळ्या नावांखाली विखुरतात आणि नावाच्या वर्णक्रमाने लावलेल्या ग्रंथालयात ते एकत्र सापडत नाहीत. पुढे मराठवाडा औरंगाबादहून (आता छत्रपती संभाजीनगर) निघू लागले व अनंत भालेराव (१९१९–९१) यांनी त्याचे संपादन दीर्घकाळ केले. भालेरावांचा मांदियाळी हा व्यक्तिचित्रसंग्रह व हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा (१९८७) हा ग्रंथ सहज आढळतात. त्यांच्या संपादकीय लेखनाच्या तुलनेत हे ग्रंथरूप लेखन अल्पच आहे.

कालगणनेतही सावधगिरी लागते. संस्थानाच्या कागदपत्रांत फसली सन असे व वर्ष ६ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. त्यामुळे वर्षाच्या पहिल्या, म्हणजे डिसेंबरअखेरच्या भागासाठी ५९० व नंतरच्या भागासाठी ५९१ मिळवावे लागतात. बंदीचे हुकूम व पोलिसांचे अहवाल बहुधा उर्दूत असून संस्थानाच्या कारभाराचे बरेच दप्तर हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहे. जप्त अंकांचा उल्लेख, प्रसंगी त्यांतील उतारेही तेथे मिळण्याचा संभव असल्याने मराठी पत्रकाराच्या सूचीसाठी उर्दू जाणणाऱ्या साहाय्यकाची आवश्यकता भासते. सेलू, जिंतूर, गंगाखेड यांसारख्या गावांतील वार्ताहरांचा मजकूर ‘आमच्या वार्ताहराकडून’ एवढ्याच शब्दांखाली छापला जाई. त्यांची नावे ठरविण्यास पत्राच्या कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार हेच साधन उरते.

अप्रकाशित लेखन : यात हस्तलिखिते, न छापलेले किंवा सेन्सॉरने अडविलेले लेख, भाषणांची टाचणे, रोजनिशा, पत्रे व नभोवाणीवरील भाषणांच्या संहिता येतात. कुटुंबाकडील कात्रणवह्या मौल्यवान असल्या तरी कात्रणावर पत्राचे नाव व दिनांक बहुधा नसतो. मागील बाजूस छापलेल्या बातम्या, जाहिराती किंवा बाजारभाव यांवरून तो ठरविता येतो. कागदपत्रे सापडली त्या क्रमाची नोंद करण्यापूर्वी ती विषयवार लावू नयेत. मूळ क्रम हाही पुरावा असतो. खाजगी पत्रांच्या नोंदीत पत्र घेणाऱ्याच्या व त्यात उल्लेखिलेल्या व्यक्तींच्या खाजगीपणाची बूज राखावी लागते.

स्वामित्व : १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यान्वये, वेगळा करार नसल्यास, नोकरीत असलेल्या पत्रकाराने पत्रासाठी लिहिलेल्या मजकुराचा नियतकालिकात प्रसिद्धी करण्यापुरता हक्क पत्राच्या मालकाचा व अन्य बाबतींत लेखकाचा असतो. नोंद करण्यास कोणाची अनुमती लागत नाही. पूर्ण मजकूर पुन्हा छापताना मात्र ती लागू शकते.

जतन : लाकडाच्या लगद्याच्या कागदात आम्ल निर्माण होत असल्याने तो पिवळा व ठिसूळ होतो. १९५४ च्या कायद्याने ग्रंथांच्या व १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रांच्याही प्रती कोलकाता, मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नियुक्त ग्रंथालयांकडे पाठविणे प्रकाशकांवर बंधनकारक झाले; तरीही जिल्हापत्रांचे संच अनेकदा खंडित आढळतात. त्यापूर्वीच्या अंकांसाठी गावोगावची वाचनालये व खाजगी संग्रह यांवर भिस्त ठेवावी लागते. म्हणून सूचीकार्य सुरू करताना अंकांचे सूक्ष्मपट किंवा संगणकीय प्रतिमा प्रथम घ्याव्यात. ज्या अंकाची एकच प्रत उरली आहे, त्याची नोंद ती प्रत गेल्यावर पडताळता येत नाही.