सांदण दरी : सहलीचा मुहूर्त पाणी ठरवते

नाशिक : दिवाळीनंतर थंडीची चाहूल लागली, की नाशिककरांना एका दिवसाच्या सहलीचे वेध लागतात. ज्यांना धबधबे आणि धरणांपलीकडचे काही पाहायचे असते, ते सहकुटुंब सांदण दरीकडे वळतात. मात्र ही दरी मुळात पाण्याची वाट आहे, हे ध्यानात घेऊनच तेथे जायला हवे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, रतनगडाजवळच्या साम्रद गावालगत ही दरी आहे. नाशिकहून घोटी, बारी, शेंडीमार्गे भंडारदरा सुमारे ७० किलोमीटर. तेथून घाटघरच्या बाजूने साम्रदला पोहोचता येते. पहाटे निघाल्यास रात्री घरी परतता येते. गावातून थोडे चालले, की सपाट माळावर जमीन एकाएकी दुभंगलेली दिसते. सुमारे २०० फूट खोल आणि काही ठिकाणी जेमतेम दोन-तीन माणसे शेजारी उभी राहतील एवढी अरुंद अशी ही घळ आहे. 'सांद' म्हणजे दोन वस्तूंमधील चिंचोळी जागा. दरीच्या नावातच तिचे वर्णन आले आहे.

फट कशी रुंदावली?

सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनला आहे. लाव्हा थंड होताना आकसतो आणि खडकाला उभ्या भेगा पडतात. अशा भेगेत पावसाचे पाणी शिरले, की सोबतच्या दगडगोट्यांनी ते तळ व भिंती घासत जाते. घाटघर हा राज्यातील सर्वाधिक पावसाच्या परिसरांपैकी एक. त्यामुळे येथे पाण्याला बळाची कमतरता कधीच नव्हती. दरीतील पाणी पश्चिमेला कोकणात उतरते, तर जवळच उगम पावणारी प्रवरा पूर्वेला गोदावरीकडे वाहते.

पाणवठे टिकतात का?

दरीत शिरल्यावर थोड्याच अंतरावर दोन डोह लागतात. पहिला उथळ, दुसरा त्याहून खोल. पावसाळा सरल्यानंतर काही आठवडे दुसऱ्या डोहातून कमरेपेक्षा अधिक पाण्यातून जावे लागू शकते. उन्हाळ्याकडे ही पातळी उतरत जाते. उंच भिंतींमुळे तळाशी ऊन फार थोडा वेळ पोहोचते. पाण्याची वाफ कमी होते आणि घट्ट कातळातून ते सहज झिरपतही नाही. म्हणूनच माळ करपला तरी घळीत ओलावा राहतो.

हा परिसर १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. डोंगरातील असे पाणवठे उन्हाळ्यात वन्यप्राण्यांचा आधार असतात. त्यामुळे डोहात साबण वापरणे, खरकटे धुणे किंवा प्लास्टिक टाकणे कटाक्षाने टाळावे.

धोका कोठे?

अरुंद घळीत पाणी पसरायला जागा नसते. ते थेट उंच चढते. शिवाय पाऊस दरीवरच पडावा, असेही नाही. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटात ॲन्टेलोप कॅन्यन ही अशीच चिंचोळी घळ आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी काही मैल दूर कोसळलेल्या पावसाचा लोंढा तिच्यात शिरला आणि ११ पर्यटकांचा बळी गेला. वाळवंटात जे एखाद्या वादळाने घडते, ते येथे पावसाळ्यात कोणत्याही दिवशी घडू शकते. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात दरीत उतरू नये. इतर महिन्यांतही आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला असेल किंवा आकाश भरून आले असेल, तर वरूनच दर्शन घ्यावे.

लहान मुले व ज्येष्ठ सोबत असतील, तर पहिल्या डोहापर्यंत जाऊन परतणे उत्तम. पुढची वाट मोठमोठ्या शिळांवरून जाते आणि त्यानंतरचे कडे दोराच्या साहाय्याने उतरावे लागतात. तो भाग प्रशिक्षित गिर्यारोहकांचाच. साम्रदमधील वाटाड्या सोबत घ्यावा. भिजूनही न घसरणारी पादत्राणे, कोरड्या कपड्यांचा जोड आणि पिण्याचे पाणी जवळ ठेवावे. भिंतीलगत रेंगाळू नये, कारण वरून सुटे दगड पडतात. मधमाश्या बिथरतील असा धूर वा उग्र अत्तर टाळावे. मोबाइलच्या भरवशावर राहू नये. घरी परतण्याची वेळ सांगून निघावे.

उजेड असतानाच दरीबाहेर यावे. वेळ उरलाच, तर परतीच्या वाटेवर भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी घटकाभर विसावता येते.