जस्तातून निघणाऱ्या वायूचे मोजमाप

सौम्य गंधकाम्लात किंवा मिठाच्या तेजाबात जस्ताचा तुकडा पडताच जे बुडबुडे उसळू लागतात, त्यांची पद्धतशीर मोजदाद इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिश या कमालीच्या एकलकोंड्या संशोधकाने १७६६ साली प्रसिद्ध केली. आणि या दोहोंपैकी अम्ल कोणतेही घेतले तरी तितक्याच जस्तामागे वायू तितकाच निघतो, असा त्याचा निर्वाळा होता. हा ज्वालाग्राही वायू धातूतूनच सुटतो, ही त्याची समजूत मात्र पुढे टिकली नाही. तो येतो अम्लातून.

शाळेच्या प्रयोगशाळेत हेच काम पाण्याने भरून उपडी घातलेली अंशांकित नळी करते. वायू वर साठतो, पाणी खाली हटते, आणि नळीच्या आतली व बाहेरची पातळी समान आणून, डोळा पाण्याच्या रेषेत ठेवून, तिच्या वक्राच्या तळाशी आकडा वाचायचा असतो. परंतु विद्यार्थ्याचा हिशेब बहुधा फसतो तो याच्या पुढे; कारण साठलेल्या वायूत पाण्याची वाफही बिनपरवाना शिरलेली असते, आणि २५ अंश सेल्सियस तापमानास पाऱ्याच्या सुमारे २४ मिलिमीटर इतका असणारा तिचा दाब वातावरणाच्या दाबातून वजा करावाच लागतो. ही वजावट करून ० अंश तापमान व ७६० मिलिमीटर दाब यांस आकडा आणला, म्हणजे ६५.४ ग्रॅम शुद्ध जस्तामागे सुमारे २२.४ लिटर हायड्रोजन भरतो.