सगळं नव्याने लिहायचा मोह

पीएचडीला लागलात की लॅबमधला जुना कोड तुमच्या गळ्यात पडतो. कुणी लिहिला, असाच का लिहिला, काही कळत नाही. मग वाटतं, यापेक्षा सगळं नव्याने लिहू! थांबा, आधी ॲपलची गोष्ट ऐका.

१९९०च्या दशकात मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एक मोठी उणीव होती. एका प्रोग्रामची मेमरी दुसऱ्यापासून सुरक्षित नव्हती. एक बिघडला की बऱ्याचदा अख्खं मशीन अडकायचं. उपाय म्हणून ॲपलने १९९४ मध्ये ‘कोपलँड’ जाहीर केलं. त्यात कर्नल नवं, इंटरफेस नवा आणि जुने प्रोग्रामही चालायला हवेत. घोडं इथेच अडलं. जुने प्रोग्राम सिस्टिमच्या मेमरीत थेट हात घालायचे. ही मोकळीक काढली तर ते मोडणार, ठेवली तर मूळ दुखणं कायम. त्यात नवनवी फीचर्स घुसत गेली आणि ऑगस्ट १९९६ मध्ये प्रकल्प गुंडाळावा लागला.

त्याच डिसेंबरात ॲपलने ‘नेक्स्ट’ कंपनी विकत घ्यायचं ठरवलं. तिची नेक्स्टस्टेप सिस्टिम १९८९ पासून वापरात होती. तीही शून्यातून उभी केलेली नव्हती. माक कर्नल कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधनातून आलेलं, सोबत बर्कलीचं बीएसडी युनिक्स. शिवाय मॅकच्या जुन्या प्रोग्रामचं ओझं तिच्यावर नव्हतं.

पण म्हणून पुढचं सोपं झालं का? नाही. प्रोग्राम नव्याने लिहा म्हटल्यावर मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या राजी होईनात. शेवटी १९९८ मध्ये ॲपलने ‘कार्बन’ पुढे केलं: जुन्या फंक्शन्सपैकी धोकादायक तेवढी वगळली, बाकीची बहुतेक ठेवली. मार्च २००१ मध्ये मॅक ओएस टेन आलं. आजही ॲपलच्या लायब्ररीत ‘एनएसस्ट्रिंग’सारखी नावं दिसतात. त्यातलं ‘एनएस’ नेक्स्टस्टेपच्या काळातलंच.

यातून घ्यायचं काय? प्लॅटफॉर्म लोणच्यासारखा मुरावा लागतो. लोक वापरतात, चुका सापडतात, दुरुस्त्या होतात. कोडमधली ती विचित्र ‘इफ’ची ओळ अशीच एखादी दुरुस्ती असू शकते. नव्याने लिहिताना आधी तीच हरवते.

म्हणून जुन्या कोडला हात लावण्याआधी त्याचे आत्ताचे निकाल जपून ठेवा. मग एकेक भाग बदला आणि दर वेळी निकाल ताडून बघा. आणि सगळं पुसायची हुक्की आलीच, तर स्वतःला विचारा: या कोडवर आज कोण कोण अवलंबून आहे? उत्तर ‘कुणीच नाही’ असेल, तर खुशाल नव्याने लिहा.